महाराष्ट्रातील भुयारी मेट्रो

महाराष्ट्रातील भुयारी मेट्रो म्हणजे राज्यातील शहरांमध्ये जमिनीखालून बोगद्यांमधून धावणारी जलद विद्युत रेल्वे. २०२५ अखेर राज्यात असे दोन मार्ग प्रवाशांसाठी खुले होते. पहिला म्हणजे मुंबई मेट्रोची मार्गिका ३ (कफ परेड ते आरे–जेव्हीएलआर). दुसरा म्हणजे पुणे मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गिकेचा शिवाजीनगर ते स्वारगेट हा भाग. नागपूर मेट्रो आणि मुंबई मेट्रोच्या सुरू झालेल्या इतर मार्गिका प्रामुख्याने उन्नत, म्हणजे खांबांवर उभारलेल्या पुलांवरून धावणाऱ्या आहेत.

भुयारी मार्ग हा मेट्रोचा सर्वांत खर्चिक प्रकार आहे. त्यासाठी वेळही सर्वाधिक लागतो. त्यामुळे जिथे रस्ते अरुंद, वस्ती दाट आणि इमारती जुन्या आहेत, आणि खांब उभे करण्यास जागा उरलेली नाही, अशाच भागात सामान्यतः तो निवडला जातो. गिरगाव, काळबादेवी आणि पुण्याच्या पेठा ही त्याची राज्यातील प्रमुख उदाहरणे होत.

संज्ञा

'मेट्रो' हा शब्द लंडनच्या 'मेट्रोपॉलिटन रेल्वे' आणि पॅरिसच्या 'मेट्रोपोलितँ' या नावांवरून रूढ झाला. मेट्रो म्हणजे भुयारी रेल्वे असा एक समज आहे. मात्र तो पूर्णतः बरोबर नाही. स्वतंत्र मार्गावरून, रस्त्यावरील वाहतुकीशी कोठेही न छेदता, ठरावीक अंतराने धावणारी शहरी रेल्वे म्हणजे मेट्रो. ती जमिनीखाली, जमिनीवर किंवा पुलावर असू शकते. 'लंडन अंडरग्राउंड' या नावातच भूगर्भ असला, तरी त्या जाळ्याचा निम्म्याहून कमी भाग प्रत्यक्षात बोगद्यात आहे. मुंबईची उपनगरी रेल्वे, म्हणजेच 'लोकल', मात्र मेट्रोच्या व्याख्येत बसत नाही. कारण तिचे अनेक मार्ग लांब पल्ल्याच्या गाड्यांशी जोडलेले आहेत.

जागतिक पार्श्वभूमी

जगातील पहिली भुयारी शहरी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर सुरू झाली. तिचे डबे वाफेच्या इंजिनांनी ओढले जात. त्यामुळे बोगद्यातील धूर बाहेर काढण्यासाठी मार्गावर जागोजागी उघडे झरोके ठेवावे लागले. विजेवर धावणारी आणि खोल बोगद्यातून जाणारी पहिली रेल्वेही लंडनमध्येच १८९० मध्ये सुरू झाली. धुराचा प्रश्न विजेने सोडवल्यानंतर भुयारी रेल्वेचा प्रसार वेगाने झाला. बुडापेस्ट व ग्लासगो (१८९६), बोस्टन (१८९७), पॅरिस (१९००), बर्लिन (१९०२) आणि न्यूयॉर्क (१९०४) ही शहरे या काळातील होत. दक्षिण गोलार्धातील पहिली भुयारी रेल्वे १९१३ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे, तर आशियातील पहिली १९२७ मध्ये टोकियो येथे सुरू झाली. मॉस्कोची मेट्रो १९३५ मध्ये सुरू झाली. तिची राजवाड्यासारखी सजवलेली स्थानके प्रसिद्ध आहेत. बीजिंगमध्ये १९६९ मध्ये, तर शांघायमध्ये १९९३ मध्ये मेट्रो सुरू झाली. उशिरा सुरुवात करूनही या दोन शहरांची जाळी आज जगातील सर्वांत लांब जाळ्यांमध्ये मोडतात. प्रत्येकाची लांबी ८०० किलोमीटरहून अधिक आहे.

भारतातील पहिली भुयारी मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात एस्प्लनेड ते भवानीपूर या सुमारे ३.४ किलोमीटरच्या मार्गावर सुरू झाली. तिचे भूमिपूजन १९७२ मध्ये झाले होते. दिल्लीत २००२ मध्ये उन्नत मार्गाने सुरुवात झाली आणि २००४ मध्ये पहिला भुयारी मार्ग खुला झाला. बंगळूरु (२०१६) आणि चेन्नई (२०१७) येथील भुयारी मार्ग त्यानंतरचे आहेत. मार्च २०२४ मध्ये कोलकात्यात हुगळी नदीच्या पात्राखालून जाणारा मार्ग सुरू झाला.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

महाराष्ट्रात रेल्वेसाठी डोंगर फोडण्याची परंपरा रेल्वेइतकीच जुनी आहे. लंडनची भुयारी रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, १८६३ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटातील चढणीचा मार्ग पूर्ण झाला. सुमारे २५ बोगदे असलेल्या या मार्गामुळे मुंबई आणि दख्खनचे पठार जोडले गेले. सोलापूरहून मुंबईला जाणाऱ्या गाड्या आजही या घाटातूनच जातात. ठाणे आणि कळवा परिसरातील सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा १९१६ मध्ये वापरात आला.

हे बोगदे डोंगरातील होते. त्यांच्या माथ्यावर वस्ती नव्हती. शहराखालील बोगद्याचे गणित वेगळे असते: तो खोदताना वरच्या इमारती हलता कामा नयेत, जलवाहिन्या व मलवाहिन्या फुटता कामा नयेत आणि रस्त्यावरील व्यवहार शक्यतो थांबता कामा नये. राज्यातील पहिली मेट्रो, म्हणजे मुंबईची वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मार्गिका १, ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ती पूर्णपणे उन्नत आहे. भुयारी मेट्रोसाठी त्यानंतर आणखी नऊ वर्षे जावी लागली.

भूगर्भरचना

महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. सोलापूर, पुणे आणि मुंबई ही तिन्ही शहरे याच खडकावर वसलेली आहेत. अखंड बेसाल्ट कठीण असतो. तो खोदण्यास श्रम पडतात. परंतु खोदलेली पोकळी तो चांगली तोलून धरतो.

मुंबईत मात्र ही रचना सर्वत्र एकसारखी नाही. बेसाल्टच्या थरांमध्ये ब्रेशिया, ज्वालामुखीची राख दबून बनलेला टफ आणि शेल असे तुलनेने ठिसूळ खडक आढळतात. शिवाय शहराचा मोठा भाग सात बेटांमधील खाड्या व उथळ समुद्र बुजवून तयार झालेला आहे. कफ परेडचा परिसर भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर आहे. अशा ठिकाणी वर भराव, त्याखाली सागरी चिखल आणि त्याखाली खडक असे थर लागतात व भूजलाची पातळीही वर असते. त्यामुळे एकाच मार्गावर काही अंतराने खोदकामाची पद्धत आणि यंत्राची मांडणी बदलावी लागते.

बांधकामाच्या पद्धती

भुयारी मेट्रोच्या बांधकामात मुख्यतः तीन पद्धती वापरल्या जातात.

उघडे खोदकाम. 'कट अँड कव्हर' या नावाने ओळखली जाणारी ही सर्वांत जुनी पद्धत आहे. जमिनीच्या पृष्ठभागापासून खाली खड्डा खणायचा, त्यात स्थानकाची रचना उभारायची आणि वर छत घालून रस्ता पूर्ववत करायचा, असा तिचा क्रम असतो. खड्ड्याच्या बाजू ढासळू नयेत म्हणून आधी जमिनीत काँक्रीटच्या खांबांची रांग किंवा भिंत उभारली जाते. ही पद्धत तुलनेने सोपी आहे. परंतु ती वापरताना रस्ता कित्येक वर्षे अंशतः बंद राहतो. मुंबई व पुण्यातील बहुतेक भुयारी स्थानके या पद्धतीने बांधली गेली आहेत.

यंत्राने बोगदा खोदणे. दोन स्थानकांमधील बोगदे टनेल बोअरिंग मशीन, अर्थात 'टीबीएम', या यंत्राने खोदले जातात. हे यंत्र म्हणजे आडवे ठेवलेले एक लांबलचक पोलादी नळकांडे असते. त्याच्या तोंडाशी खडक कापणाऱ्या चकत्या बसवलेले फिरते चक्र असते. कापलेला खडक आत घेऊन पट्ट्यांवरून किंवा छोट्या गाड्यांमधून मागे नेला जातो. यंत्राच्या पाठीमागे लगेचच आधी ओतून तयार ठेवलेले काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून एक पूर्ण कडे उभारले जाते. या कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकते आणि मग पुढचे कडे बसते. कडे व खडक यांच्यामधील फटीत सिमेंटचे मिश्रण दाबाने भरले जाते. ही फट रिकामी राहिल्यास वरची जमीन खचू शकते. म्हणून या टप्प्याला विशेष महत्त्व आहे.

नव-ऑस्ट्रियन पद्धत. जिथे वरून मोठा खड्डा घेता येत नाही आणि पोकळीचा आकारही टीबीएमच्या गोल छेदात बसत नाही, तिथे ही पद्धत वापरली जाते. एका अरुंद विहिरीतून खाली उतरून खडक थोडा थोडा फोडला जातो. प्रत्येक टप्प्यावर उघड्या पृष्ठभागावर काँक्रीटचा फवारा मारून व खडकात पोलादी सळया रोवून त्याला आधार दिला जातो आणि खडकाची हालचाल उपकरणांनी मोजली जाते. मार्गिका ३ वरील काळबादेवी, गिरगाव आणि ग्रँट रोड यांसारख्या स्थानकांचे फलाटाचे भाग या पद्धतीने खोदलेले आहेत.

मुंबई मेट्रो मार्गिका ३

कफ परेड ते आरे–जेव्हीएलआर ही ३३.५ किलोमीटर लांबीची मार्गिका 'ॲक्वा लाइन' या नावानेही ओळखली जाते. तिच्यावर २७ स्थानके आहेत. त्यांपैकी २६ भुयारी असून आरे हे एकच स्थानक जमिनीवर आहे. केंद्र व राज्य सरकारची समान भागीदारी असलेली मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन ही संस्था तिची उभारणी आणि संचालन करते. खर्चाचा मोठा हिस्सा जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या (जायका) कर्जातून आला आहे.

केंद्र सरकारने २०१३ मध्ये प्रकल्पास मंजुरी दिली आणि २०१४ मध्ये भूमिपूजन झाले. बोगद्यांचे काम २०१७ मध्ये सुरू झाले. त्यासाठी १७ टीबीएम यंत्रे वापरण्यात आली. सप्टेंबर २०१८ मध्ये पहिले यंत्र विमानतळाच्या टर्मिनल २ येथील स्थानकात आरपार निघाले. २०२२ च्या अखेरीस खोदकाम पूर्ण झाले. जाण्या-येण्याचे दोन स्वतंत्र बोगदे असल्याने एकूण खोदकाम मार्गाच्या लांबीहून बरेच अधिक भरते. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल या स्थानकांदरम्यान हे बोगदे मिठी नदीखालून जातात.

मार्गिका तीन टप्प्यांत खुली झाली:

• आरे–जेव्हीएलआर ते वांद्रे-कुर्ला संकुल: १२.६९ किलोमीटर, १० स्थानके. उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४.
• वांद्रे-कुर्ला संकुल ते आचार्य अत्रे चौक: ९.७७ किलोमीटर, ६ नवी स्थानके. उद्घाटन ९ मे २०२५.
• आचार्य अत्रे चौक ते कफ परेड: १०.९९ किलोमीटर, ११ नवी स्थानके. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५.

पहिल्या टप्प्यात प्रवासीसंख्या अंदाजापेक्षा बरीच कमी राहिली. मार्ग दक्षिण मुंबईच्या कार्यालयीन भागापर्यंत पोहोचल्यानंतर ती वाढली. अर्धवट मार्गावरील संख्येवरून पूर्ण मार्गाची उपयुक्तता ठरवता येत नाही, हे यातून दिसून येते.

मार्गिकेवरील गाड्या आठ डब्यांच्या असून त्या आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथील कारखान्यात तयार झाल्या आहेत. गाड्यांना २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वरच्या बाजूने पुरवला जातो. भुयारी स्थानकांत फलाट आणि रूळ यांच्यामध्ये काचेचे सरकते दरवाजे आहेत. गाडी थांबल्यावरच ते उघडतात. त्यामुळे प्रवासी रुळांवर पडण्याचा धोका टळतो आणि फलाटावरील थंड हवा बोगद्यात वाया जात नाही.

लोकलचे मार्ग जिथे पोहोचत नाहीत, असे काही भाग ही मार्गिका रेल्वेशी जोडते. कफ परेड, विधान भवन, वरळी, सिद्धिविनायक, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळाची दोन्ही टर्मिनल आणि सीप्झ हे त्यांपैकी प्रमुख होत. चर्चगेट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ग्रँट रोड, महालक्ष्मी आणि दादर या परिसरांत तिचा लोकलशी, तर मरोळ नाका येथे मार्गिका १ शी संबंध येतो. मुंबई सेंट्रल येथील स्थानकाला भारतातील पहिल्या रेल्वेच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या जगन्नाथ शंकरशेठ यांचे नाव देण्यात आले आहे. सोलापूरहून येणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस आणि वंदे भारत एक्सप्रेस या दोन्ही गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे संपतात. त्यामुळे तेथून विमानतळाकडे किंवा विधान भवनाकडे जाणाऱ्या प्रवाशांना हा मार्ग थेट उपलब्ध झाला आहे.

पुणे मेट्रोचा भुयारी भाग

पुणे मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशन (महामेट्रो) ही संस्था तिच्या पहिल्या दोन मार्गिका उभारते व चालवते. पिंपरी-चिंचवडहून येणारी मार्गिका रेंज हिल्सनंतर जमिनीखाली शिरते आणि स्वारगेटपर्यंत सुमारे सहा किलोमीटर भुयारातून जाते. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, महात्मा फुले मंडई आणि स्वारगेट ही पाच स्थानके या भागात आहेत.

बोगदे खोदणाऱ्या यंत्रांना 'मुळा', 'मुठा' आणि 'पवना' अशी शहरातील नद्यांची नावे देण्यात आली होती. बोगदे मुठा नदीच्या पात्राखालून जातात. जून २०२२ मध्ये खोदकाम पूर्ण झाले. शिवाजीनगर आणि जिल्हा न्यायालय ही स्थानके १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाली. ती राज्यातील पहिली भुयारी मेट्रो स्थानके होत. पुढील भाग स्वारगेटपर्यंत २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला.

जिल्हा न्यायालय येथे दोन मार्गिका एकमेकींना छेदतात: एक जमिनीखालून, दुसरी उन्नत पुलावरून. येथील भुयारी फलाट जमिनीपासून सुमारे ३३ मीटर खोल असून छताची रचना अशी केली आहे की सूर्यप्रकाश खालपर्यंत पोहोचतो. रेल्वेने पुणे स्थानकावर उतरणारा प्रवासी उन्नत मार्गिकेने येथपर्यंत येऊन भुयारी मार्गिकेने स्वारगेटला जाऊ शकतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या विस्तारास मंजुरी दिली. हा विस्तारही पूर्णतः भुयारी आहे. त्याच वेळी मंजूर झालेल्या ठाणे वर्तुळाकार मेट्रोच्या २९ किलोमीटरपैकी सुमारे ३ किलोमीटरचा भाग भुयारी असून त्यात दोन स्थानके आहेत.

खर्च: भुयारी की उन्नत

भुयारी व उन्नत मार्गांच्या खर्चातील फरक पुण्यातील दोन मंजुऱ्यांवरून स्पष्ट होतो. स्वारगेट–कात्रज या भुयारी विस्ताराचा मंजूर खर्च २,९५४.५३ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५४१ कोटी रुपये आहे. वनाज–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली या उन्नत विस्तारांना जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांच्या १२.७५ किलोमीटरसाठी ३,६२६.२४ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे २८४ कोटी रुपये मंजूर झाले. एकाच शहरात, वर्षभराच्या आत मंजूर झालेल्या या मार्गांमध्ये भुयारी मार्गाचा दर उन्नत मार्गाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

मुंबईच्या मार्गिका ३ चा खर्च सुरुवातीला २३,१३६ कोटी रुपये अंदाजण्यात आला होता. तो आधी ३३,४०५ कोटी आणि त्यानंतर ३७,२७६ कोटी रुपयांवर गेला. म्हणजे किलोमीटरला सुमारे १,११० कोटी रुपये पडले. मूळ अंदाजाच्या तुलनेत ही वाढ ६० टक्क्यांहून अधिक आहे. बांधकामास लागलेला दीर्घ काळ, आगाराचा वाद आणि भूगर्भातील अडचणी यांचा त्यात वाटा आहे. निरनिराळ्या प्रकल्पांची अशी तुलना करताना मात्र किंमतपातळीचे वर्ष, गाड्यांची संख्या, आगार आणि जमिनीचा मोबदला या बाबी वेगवेगळ्या असतात, हे लक्षात घ्यावे लागते.

खर्च अधिक असूनही भुयारी मार्ग निवडला जातो, कारण उन्नत मार्गाचीही एक किंमत असते आणि ती अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही. खांबांमुळे रस्त्याची रुंदी घटते, इमारतींच्या खिडक्यांसमोर पूल येतो आणि पुलाखालून जाणाऱ्या गोष्टींच्या उंचीवर मर्यादा पडते. २०२१ मध्ये पुण्यातील छत्रपती संभाजी पुलावरून, म्हणजे लकडी पुलावरून, जाणाऱ्या उन्नत मार्गाला गणेश मंडळांनी हरकत घेतली होती. विसर्जन मिरवणुकीतील उंच रथ मेट्रोच्या पुलाखालून जाऊ शकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यामुळे काही काळ काम थांबवावे लागले. मुठा नदीच्या पात्रातून जाणाऱ्या उन्नत मार्गाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यात आली होती. पुण्याची मेट्रो संपूर्णपणे भुयारी असावी, अशी मागणीही काही नागरी संघटनांनी केली होती.

वाद आणि न्यायालयीन प्रकरणे

आरे येथील आगार. मार्गिका ३ चे आगार (कारशेड) गोरेगावच्या आरे वसाहतीत उभारण्यास पर्यावरणप्रेमी आणि तेथील आदिवासी पाड्यांतील रहिवाशांनी विरोध केला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोडीस मनाई केली. तोपर्यंत २,१४१ झाडे तोडली गेल्याचे मेट्रो कॉर्पोरेशनने सांगितले. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या राज्य सरकारने आगाराच्या कामाला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये आगार कांजूरमार्ग येथे हलवण्याची घोषणा झाली. परंतु तेथील जमिनीच्या मालकीचा वाद निर्माण होऊन डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने जमिनीच्या हस्तांतरणास स्थगिती दिली. २०२२ मध्ये सत्तांतरानंतर आगार पुन्हा आरे येथेच करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांबाबत परवानगी दिली होती. मेट्रो कॉर्पोरेशनने त्याहून अधिक झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज केल्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने तिला १० लाख रुपये भरण्यास सांगितले.

या वादातील मूळ प्रश्न भुयारी मेट्रोच्या स्वरूपाशी निगडित आहे. बोगदा जमिनीखाली असला, तरी गाड्या उभ्या करणे, धुणे आणि दुरुस्त करणे यांसाठी मोठी मोकळी जमीन जमिनीवरच लागते. दाट वस्तीच्या शहरात अशी जमीन बहुधा झाडी, पाणथळ जागा किंवा वादग्रस्त मालकीची जागा यांपैकीच एखादी असते.

जुन्या इमारती आणि रहिवासी. गिरगाव व काळबादेवी येथे स्थानकांसाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तेथील रहिवाशांनी त्याच परिसरात घर मिळावे अशी मागणी केली आणि त्यानुसार त्याच भागात पुनर्वसनाच्या इमारती उभारण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. चाळींमधील कुटुंबे आणि दुकानदार यांचा उदरनिर्वाह त्या परिसराशी बांधलेला असल्याने हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. बोगदे पारशी समाजाच्या दोन आतश बेहराम अग्निमंदिरांखालून वा लगतून जाण्यास हरकत घेणारी याचिकाही उच्च न्यायालयात आली होती. २०१८ मध्ये न्यायालयाने काम पुढे चालू ठेवण्यास अनुमती दिली. कफ परेड भागातील रात्रीच्या बांधकामाच्या आवाजाविरुद्ध तक्रार झाल्यावर २०१७ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या कामावर मनाई घातली आणि २०१८ मध्ये ती उठवली.

सुरक्षितता

भुयारी मेट्रोतील प्रमुख धोके तीन आहेत: आग, पाणी आणि जमीन खचणे.

बोगद्यातील आगीत ज्वाळांपेक्षा धूर अधिक घातक ठरतो. १९८७ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील आगीत ३१ जणांचा मृत्यू झाला. ही आग लाकडी सरकत्या जिन्याखाली लागली होती. २००३ मध्ये दक्षिण कोरियातील देगू येथे गाडीला लावलेल्या आगीत १९२ जण मरण पावले. यानंतर जगभर डब्यांमध्ये न पेटणारे साहित्य, धूर एका दिशेला ढकलणारे मोठे पंखे आणि दोन बोगद्यांना ठरावीक अंतराने जोडणारे आडवे मार्ग यांवर भर देण्यात आला. एका बोगद्यात धूर झाल्यास प्रवाशांना आडव्या मार्गाने दुसऱ्या बोगद्यात नेता येते.

पाण्याचा धोका महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, अधिक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता. जुलै २०२१ मध्ये चीनमधील झेंगझोऊ येथे अतिवृष्टीचे पाणी भुयारी मेट्रोत शिरून १४ प्रवाशांचा मृत्यू झाला. यामुळे प्रवेशद्वारे रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवणे, पाणी अडवणारे फाटक बसवणे आणि पाणी उपसणारे पंप ठेवणे आवश्यक मानले जाते. २६ मे २०२५ रोजी, मार्ग सुरू होऊन तीन आठवडेही झाले नसताना, मुंबईच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पावसाचे पाणी शिरले आणि त्या स्थानकापर्यंतची सेवा काही दिवस बंद ठेवावी लागली. स्थानकाच्या एका अपूर्ण प्रवेशमार्गाकडून पाणी आत आले होते. या घटनेत जीवितहानी झाली नाही. मात्र काही भाग अपुरा असताना स्थानक पावसाळ्याच्या तोंडावर खुले करण्यातील जोखीम तीतून पुढे आली.

जमीन खचण्याचे भारतातील ठळक उदाहरण कोलकात्याचे आहे. २०१९ मध्ये बऊबाजार भागात टीबीएमला भूजलाचा थर लागून पाणी व माती बोगद्यात शिरली, वरच्या अनेक घरांना तडे गेले आणि काही घरे कोसळली. असे प्रसंग टाळण्यासाठी खोदकामापूर्वी मार्गावरील इमारतींची पाहणी केली जाते आणि काम चालू असताना भिंतींचा कल, तडे, कंपने व भूजलपातळी यांची सतत नोंद ठेवली जाते.

इतर शहरांच्या दृष्टीने

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणानुसार मेट्रोचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी बसची स्वतंत्र मार्गिका, ट्राम, उपनगरी रेल्वे अशा पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास बंधनकारक आहे. प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के असावा, अशीही अट आहे. यात केवळ तिकिटाचे उत्पन्न नव्हे, तर वाचलेला वेळ व इंधन, घटलेले अपघात आणि प्रदूषण यांचाही हिशेब धरला जातो.

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या सुमारे ९.५ लाख होती. तेथे मेट्रो नाही. भुयारी मेट्रो असलेले सर्वांत जवळचे शहर पुणे होय. सोलापूरसारख्या शहरातही चाटी गल्ली, नवी पेठ असे जुने व दाट भाग आहेत. मात्र अरुंद रस्ते हे भुयारी मार्गाचे एकमेव कारण ठरू शकत नाही. एका मार्गावर तासाला हजारो प्रवासी दररोज प्रवास करणार असतील, तरच किलोमीटरला पाचशे कोटींहून अधिक खर्चाचे समर्थन होऊ शकते. तेवढी गर्दी नसलेल्या शहरांत त्याच रकमेत शहराची बससेवा अनेक वर्षे सक्षम ठेवता येते. नागपूरमध्ये मार्च २०१९ मध्ये सुरू झालेली मेट्रो प्रामुख्याने उन्नत ठेवण्यात आली. तेथील रुंद रस्त्यांमुळे भुयाराची गरज पडली नाही.

मुंबईत मात्र भुयारी मार्गांचा आणखी विस्तार अपेक्षित आहे. वडाळ्याकडून गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाणाऱ्या प्रस्तावित मार्गिका ११ चा बहुतांश भाग जमिनीखालून जाणार आहे. मोहम्मद अली मार्ग, भेंडी बाजार यांसारख्या भागांमध्ये उन्नत मार्गाला जागा नसल्याने तेथेही गिरगाव–काळबादेवीचाच अनुभव मार्गदर्शक ठरेल: रहिवाशांचे पुनर्वसन, जुन्या इमारतींचे संरक्षण आणि आगाराची जमीन हे प्रश्न खोदकामाला हात घालण्याआधी सुटले, तर वेळ आणि खर्च या दोन्हींवर नियंत्रण ठेवता येते.